साडेपाच पोळ्या

आमच्याकडे भाव चढला की पाटी लाल होते,
उतरला की हिरवी.
जगात दुसरीकडे म्हणे उलटं असतं.
कीलुंगच्या बंदरामागे, या गल्लीत,
मी पहाटे चारपासून हिरवंच चिरत असते:
लसणीची पात, सात किलो,
अंड्यात कालवून, पोळीत भरून, तव्यावर.

बाजारात नव्यानं उतरलेल्यांना इथे पातच म्हणतात.
वाढू द्यायची, कापायची, पुन्हा वाढते.
हे म्हाताऱ्या कोनं मला सांगितलं
माझ्याच दुकानात, माझीच पोळी खात,
आणि हसला नाही.

को चाळीस वर्षं बंदरात भरतीची नोंद ठेवायचा.
आता नऊ ते दीड दलालाच्या शाखेत
प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, घरून आणलेल्या उशीवर बसतो.
म्हणाला, आज घेऊन आजच विकणं तुझ्याच्यानं व्हायचं नाही,
तेव्हा तुझा तवा तापलेला असतो.
वीस वर्षं धरून बसायला तू काही पोर नाहीस.
तुझं मधलं. चार दिवस, फार तर तीन आठवडे.
एक हेलकावा.
तळ शोधू नकोस, शेंडा शोधू नकोस,
मधला गर घे आणि घरी जा.

पहिले दोन महिने पैसे नाहीत. नुसती वही.
वहीत घेतलं, वहीत विकलं,
वहीत इतकी श्रीमंत झाले
की तेलवाल्याशी घासाघीस करायची विसरले.

मग खरं.
सायकलींच्या साखळ्या करणारी एक कंपनी, नाव नको,
हजार शेअर, त्रेचाळीस वीसला.
वीस दिवसांच्या सरासरीची रेघ वर वळलेली,
भाव तिच्यावर येऊन टेकलेला,
उलाढाल आटलेली.
"दम खातोय," को म्हणाला. "पण आधी लिही,
कितीला चूक कबूल करशील?"
लिहिलं: ४१.५०.
पेन्सिलीनं.

चौथ्या दिवशी पाटी हिरवी. एकेचाळीस चाळीस.
मुलीला फोनवर सांगितलं, हात कणकेत होते गं.
नव्हते.
नुकताच नळ बंद केला होता मी.
मोबाइल समोर, बोट कोरडं,
आणि मी वही ओढून
एकाचा शून्य केला.
फार काही करावं लागत नाही,
रेघ जरा वाकवायची.

चाळीस पन्नासही गेलं. त्यालाही काहीतरी केलं.
छत्तीसला विकले.
सात हजार दोनशे. चाळीसच्या भावानं
एकशे ऐंशी पोळ्या.

को म्हणाला, वही बघू.
भावाकडे त्यानं पाहिलंच नाही,
त्या शून्यावर बोट ठेवून बसला.
"मीही एकदा केलं होतं असं. भरतीच्या नोंदीत.
एका कप्तानाला घाई होती."
पुढे काय झालं ते सांगितलं नाही.
आणखी एक पोळी मागितली
आणि पहिल्यांदाच सुटे दिले.

जूनमध्ये पुन्हा घेतले. शंभरच,
गेले तरी झोप राहील इतके.
खालचा आकडा शाईनं लिहिला,
मोबाइलमध्येही टाकून ठेवला,
म्हणजे ऐन वेळी माझ्या बोटाला कुणी विचारायला नको.

काल तो आकडा लागला.
आज तोच शेअर लाल. साडेतीन टक्के वर.
गिऱ्हाईक ओरडलं तेव्हा कळलं,
तव्यावरची एक बाजू करपली होती.

वहीत लिहिलंय:
ठरल्याप्रमाणे विकले. तोटा दोनशे वीस.
खाली हिशेब, साडेपाच पोळ्या.
को म्हणाला, बरोबर आहे, पण अर्धी कुणाला विकलीस?
कुणाला नाही.
करपलेली बाजू काढून
उभ्या उभ्या मीच खाल्ली.
मीठ कमी होतं.